आगोटीतली विमानं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिरोड्यात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. मांगरात लाकडं रचायची असतात, अंगणात वाळलेली आमसुलं बरणीत जायची असतात, सुके बांगडे नि सुंगटं डब्यात भरायची असतात, पडवीत झड येऊ नये म्हणून झापं बांधायची असतात. वेळागरच्या वाळूत होड्या वर ओढून शाकारलेल्या दिसायला लागतात, कारण १ जूनपासून मासेमारी बंद. ही आमची आगोट. त्या धांदलीत आमच्या घरी एक जास्तीचं काम असतं आणि ते सबंध पंचक्रोशीत मी एकटाच करत असेन. दुसऱ्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या दोन-तीन युद्धांतली ३१ लढाऊ विमानं मी कपाटातून खाली काढतो, मऊ फडक्याने पुसतो, एकेक कागदात गुंडाळतो आणि हवाबंद डब्यांत भरून झाकणाच्या कडेला चिकटपट्टी मारतो. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांचं उड्डाण बंद.

शेजारच्या काकी दरवर्षी हे बघतात आणि दरवर्षी तेच म्हणतात, "लोकांका तांदूळ ठेवूक डबे मिळणत नाय, नि हो इमानां भरता!" त्यांचं काही चुकत नाही. डब्यांत मी सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. ओल पिऊन ते मणी फुगले नाहीत तरी दमतात, मग पावसाळ्याच्या मध्यावर त्यांना कढईत भाजून पुन्हा कोरडं करावं लागतं. ती कढई आता स्वयंपाकाची राहिलेली नाही. आई तिला "तुझी विमानतळाची कढई" म्हणते. आमच्या तालुक्यात, चिपीला, खरा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला. आमच्या घरात त्याच्या आधीपासून होता.

लहानपणी माझ्याकडे एकच विमान होतं. आजीने सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेलं, लाकडी, लाल पंख, पिवळं नाक आणि चाकं मात्र बैलगाडीची वाटावीत अशी. तळीत सोडलं की तरंगायचं, म्हणजे विमानापेक्षा होडीच जास्त. त्यामुळे विमान म्हणजे हलकी वस्तू, हे माझ्या हाताला पक्कं ठाऊक होतं. पुढे मुंबईत नोकरी करत असताना एका दुकानदाराने १:७२ प्रमाणातलं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, माझ्या तळहातावर ठेवलं आणि हात चांगला दोन बोटं खाली गेला. डोळ्यांनी एक वजन गृहीत धरलं होतं, हाताला दुसरंच लागलं. त्या फसगतीचे मी तेव्हा जेवढे पैसे मोजले तेवढ्यात महिन्याचा किराणा आला असता.

ते विमान ओतीव होतं. डाय-कास्ट म्हणतात ते हे. जस्ताचा मिश्रधातू वितळवायचा आणि दाबाने पोलादी साच्यात घुसवायचा. जस्तात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, थोडं तांबं. ह्या धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून 'झमॅक' हे नाव पडलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९मध्ये तयार केला. साधारण ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पातळ होतो, पोलादाच्या मानाने ही आच अगदीच सौम्य, त्यामुळे साचा लवकर झिजत नाही आणि एकाच साच्यातून हजारो नग पडत राहतात. मग कडेचा फाजील धातू खरवडायचा, रंग द्यायचा आणि विमानाचा क्रमांक, तुकडीची अक्षरं, गोल खुणा हे सगळं सिलिकॉनच्या मऊ गोळ्याने शिक्का मारावा तसं उमटवायचं. पंखाच्या बाकावर तो मऊ गोळा दबतो आणि अक्षर न फाटता बसतं. मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत कौतुक त्या गोळ्याचं वाटतं.

एका पावसाळी रात्री वीज गेली होती तेव्हा मी मेणबत्तीपाशी बसून एक हिशेब मांडला. माझं स्पिटफायर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४० ग्रॅम भरतं. लांबी ७२ पट केली की वजन ७२च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटीने वाढतं. म्हणजे हेच ओतीव स्पिटफायर खऱ्या आकाराचं झालं तर ५२ टनांचं होईल. खरं स्पिटफायर, मार्क ५ जातीचं, इंधन-दारूगोळ्यासकट जेमतेम ३ टन. उलट हिशेब केला तर माझ्या हातातलं विमान खऱ्याच्या प्रमाणात ८ ग्रॅमचं असायला हवं. पाऊण तोळासुद्धा नाही. पत्र्यांचे सांधे दाखवणारी रेघ ०.३ मिलिमीटरची धरली तरी खऱ्या विमानावर ती दोन सेंटीमीटरची फट होते, आणि असं काम आमच्या गावातला कुठलाही सुतार परत करेल. तर वजन खोटं, फटी खोट्या. संग्राहक मंडळी एकमेकांना "किती हुबेहूब आहे!" म्हणतात तेव्हा मी मान डोलावतो, पण हे आकडे माझ्या डोक्यात असतात.

आकार मात्र खरा. स्पिटफायरच्या पंखांची ती लंबगोल कड बघून अजून माझं मन भरलेलं नाही. रेजिनाल्ड मिचेल ह्या माणसाने ते विमान आखलं, ५ मार्च १९३६ला ते पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगाने गेला. त्यानंतर २० हजारांहून अधिक स्पिटफायर बनली, त्यातलं एकही त्याने लढाईत पाहिलं नाही.

आता आत्याची गोष्ट. माझ्याकडे एक जर्मन मेसरश्मिट १०९ आहे. जगात सगळ्यांत जास्त संख्येने बनलेलं लढाऊ विमान हेच, ३३ हजारांहून अधिक. हल्ली पुष्कळ कारखाने ह्या विमानांच्या शेपटीवरचं नाझी चिन्ह छापतच नाहीत, किंवा अर्धंमुर्धं छापतात, कारण जर्मनीत ते उघड दाखवायला कायद्याने बंदी आहे. माझ्या नगावर ते पूर्ण आहे. एका खंडेनवमीला मी पूजेला पान्हे-पक्कड मांडत होतो. आत्याने कपाट उघडलं, सगळ्या विमानांवरून नजर फिरवली आणि नेमकं तेच उचललं. "ह्याच्यावर बघ कसं सवाष्णीने काढल्यासारखं स्वस्तिक आहे. जरा वाकडं पडलंय, पण असू दे." माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मेसरश्मिटला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल. जे चिन्ह पाहून युरोपभर माणसं तळघरात पळाली, त्याला आमच्या पाटावर अक्षता. मी आत्याला समजावून सांगितलं का? सांगितलं, दोन दिवसांनी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांनी आमचं कशाला घेतलं?" विमानाच्या शेपटीवर अजून पिवळट डाग आहे. तो मी काढलेला नाही. जाणकारांच्या भाषेत त्या नगाची किंमत त्यामुळे निम्म्यावर आली.

डब्यांकडे परत येतो. जस्ताच्या ओतकामाला एक रोग होतो. जस्तात शिशाचा अंश राहून गेला तर धातूच्या कणाकणांच्या सांध्यातून गंज आत सरकत जातो. बाहेरून महिनोन् महिने काही कळत नाही. मग वस्तू हळूहळू फुगते, पंख वाकतात, बारीक तडे जातात आणि एक दिवस हातात भुगा येतो. १९३०च्या दशकातल्या कितीतरी डिंकी खेळण्यांचं असं पीठ झालं. दमट आणि उबदार हवा ह्या रोगाला मानवते, म्हणजे आमच्याकडची. त्याचं इंग्रजी नाव 'झिंक पेस्ट'. 'पेस्ट' म्हणजे कीड, पण मराठी कानाला ते घामोळ्यावर लावायचं मलम वाटतं. आमच्या औषधवाल्याने तर मी ह्या रोगाबद्दल बोलत असताना खरोखर ट्यूब काढून दिली. ह्याच्यावर औषध मात्र नाही. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही, लोक उगाच घाबरून शेजारची विमानं हलवतात. दोष जन्माचा असतो, साच्यात ओततानाचा.

हल्लीच्या ओतकामात ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरतात, त्यामुळे माझी विमानं ह्या रोगाने जातील अशी भीती नाही. ती जातील ती बाहेरच्या हवेने. शिरोडा हे मिठागरांचं गाव. मे १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो इथेच. जिथे खाजणात पाणी अडवलं की मीठ मिळतं, तिथे कपाटात काय होत असेल? चाकांच्या पायांतल्या बारीक पोलादी खिळी तांबूस होतात. रंग जिथे टवका उडून गेलाय तिथे जस्तावर पांढरी भुकटी येते. रबरी टायर चिकट होऊन फळीला धरून बसतात. काचेसारख्या प्लॅस्टिकवर, वैमानिकाच्या डोक्यावर, बुरशीची जाळी चढते. पुण्यातला माझा एक संग्राहक मित्र विमानं उघड्या फळीवर ठेवतो, वर्षातून एकदा फुंकर मारतो. त्याचा मला मनापासून राग येतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत मात्र ह्या सगळ्या तयारीला वळसा घालून शत्रू तिसरीकडूनच आला. विमानं मी डब्यांत ठेवली होती, त्यांची मूळ खोकी माळ्यावर. संग्राहकांच्या जगात खोक्याला विमानाइतकाच मान असतो, काही महाभाग खोकं न उघडताच विमान ठेवतात. मी माळ्यावर चढलो तर खोकी जागच्या जागी होती. हात लावला आणि बोटं आत गेली. वाळवीने ११ खोकी आतून पोखरून नुसता वरचा रंगीत पापुद्रा शिल्लक ठेवला होता. चित्रात स्पिटफायर अजून ढगांतून झेपावत होतं.

खोक्याचं दुःख मी आठवडाभरात विसरलो. पण खोक्यांबरोबर आतली कार्डंही गेली. ह्या महागड्या विमानांची एक खासियत अशी की कुठलंही विमान नुसतं 'स्पिटफायर' नसतं. ते अमुक क्रमांकाचं, अमुक तुकडीचं, अमुक महिन्यात अमुक वैमानिकाने उडवलेलं असतं. कार्डावर हे सगळं लिहिलेलं असतं. डग्लस बेडरचं हरिकेन हवं तर तेच मिळतं. हा बेडर १९३१च्या अपघातात दोन्ही पाय गमावूनही युद्धात लढाऊ विमानं घेऊन उडाला. कॉकपिटखाली पाडलेल्या विमानांच्या खुणा असतात, त्याही मोजून. कार्डं गेली आणि माझी ११ विमानं निनावी झाली. मी वहीत आठवून लिहायला बसलो. सात नावं आठवली.

लिहिता लिहिता लक्षात आलं की मी फक्त वैमानिक आठवतोय, कारण कार्डावर तेवढेच होते. इंजिन लावणारा, बंदुकीच्या पट्ट्या भरणारा, ह्यातला कोणीही कधी कार्डावर नव्हता. आणि ज्यांनी ही विमानं जहाजातून उतरवली ते तर कुठल्याच कागदावर नसणार.

आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत होते. कोकणातल्या कितीतरी घरांतून एक पुरुष गोदीत, एक गिरणीत असायचा, तसेच तेही. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. आम्ही नातवंडं त्यांच्या उजव्या बाजूला बसण्यासाठी भांडायचो आणि डाव्या बाजूला बसून त्यांची नक्कल करायचो. कान कसा गेला हे विचारलं की ते म्हणत, "आवाज मोठो झालो." एवढंच. गोष्ट संपली. आम्हाला ते पुरेसं वाटायचं, कारण लहान मुलाला मोठा आवाज ही संपूर्ण गोष्ट असते.

तो आवाज १४ एप्रिल १९४४चा. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. त्या दोन वस्तू एका जहाजात कोणी एकत्र ठेवल्या हे आजही वाचताना माणूस डोक्याला हात लावतो. दुपारी कापसातून धूर निघाला. बंब आले, पाणी मारलं. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा नोंदवला. पेटत्या गाठी वस्तीवर पडल्या, शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळे. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट लांब कुणाच्या घरावर जाऊन पडली, काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या. आजोबा पाळी संपवून फाटकाबाहेर चहाला गेले होते म्हणून वाचले, हे आजीने सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच नाही.

हे सारं मी आजोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचलं, आणि वाचताना जहाजावरच्या मालाच्या यादीपाशी थांबलो. 'फोर्ट स्टिकीन' फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं तेव्हा त्यात पेट्यांमध्ये बंद केलेली स्पिटफायर विमानं होती. युद्धकाळात विमानं अशीच हिंदुस्थानात येत. पंख काढून, लाकडी पेट्यांत, बोटीने. मग कुठेतरी पंख जोडायचे आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर धाडायचं. मी कपाट उघडून माझं पहिलं स्पिटफायर बघत उभा राहिलो. ते मी त्याच्या पंखांच्या देखणेपणावर भाळून आणलं होतं, आणि ते आमच्या घरात माझ्या आधी चाळीसेक वर्षं येऊन गेलं होतं, आजोबांच्या डाव्या कानातून.

रॉयल एअर फोर्सच्या १३२ क्रमांकाच्या तुकडीचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं आणि ती स्पिटफायरच उडवायची. तिचं मॉडेल मिळालं तर घेईन. पण कार्डावर मुंबईचं नाव आणि वैमानिकाचं नाव वाचताना मला फाटकाबाहेरचा चहा आठवणार, हे आता टळत नाही.

तेव्हापासून मला कपाटापुढे उभं राहिलं की एक गोष्ट खुपते. ही विमानं म्हणजे पाहिलेल्या युद्धाची आठवण आहे. ज्यांनी आकाशात ती ओळखली, ज्यांच्या गावांवरून ती रोज गेली, त्यांच्यासाठी रंग, अक्षरं, पट्टे ह्यांना अर्थ आहे. आमच्या किनाऱ्याने युद्ध पाहिलंच नाही. आमच्याकडे ते आलं ते आवाज होऊन, मनीऑर्डर बंद पडून, तांदळाचा भाव होऊन. ते ओतायला साचा नाही.

ब्रह्मदेशचं नाव निघालं म्हणून सांगतो. माझ्याकडे एक हरिकेन आहे, त्यावरच्या गोल खुणेत लाल ठिपका नाही, निळ्याच दोन छटा आहेत. नवखे लोक म्हणतात, छापायला विसरले. विसरले नाहीत. जपानी विमानांवर लाल गोळा असे, घाईत आपलाच गोळीबार आपल्याच विमानावर होऊ नये म्हणून त्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता. ह्याच आघाडीवर, इंफाळला, १९४४मध्ये अर्जन सिंग हिंदी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते आणि त्यांची तुकडी हरिकेनच उडवत होती. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा आमच्याच कोकणात, रत्नागिरीत, नजरकैदेत राहिला आणि १९१६मध्ये तिथेच वारला. त्याच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून मी एकदा उगाच पूर्वेकडे बघितलं होतं. माडांपलीकडे काही दिसलं नाही.

हरिकेन आखणाऱ्या सिडनी कॅमनेच पुढे हॉकर कंपनीत हंटर आखलं. सी हॉक हे नौदलाचं जेटही त्याच कंपनीने आखलेलं, त्याच्याच हाताखालचं. मला मिचेलपेक्षा कॅम जवळचा, कारण त्याची यंत्रं आमच्या बाजूला आली. सी हॉक तर गोव्यात, दाबोळीला, नौदलाच्या हंसा तळावर राहिलं आणि १९७१मध्ये विक्रांतवरून उडून त्याने कॉक्स बझार नि चितगाववर हल्ले केले. तो विक्रांत २०१४मध्ये मोडीत निघाला आणि त्याच्या पोलादाचा काही भाग बजाजने मोटरसायकलीत घातला. आमच्या गल्लीत एकाकडे ती मोटरसायकल आहे. सकाळी थंडीत सुरू होताना ती फार खोकते.

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मी एक खरं सी हॉक पाहिलं. पाहिलं म्हणजे, पहारेकऱ्याची पाठ फिरल्यावर त्याच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं. तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मी घरी आलो आणि माझ्या सी हॉकवर तसंच टकटक केलं. दगडावर टिचकी मारावी तसं. मॉडेलमध्ये खोट कुठे आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं. विमान बहुतेक रिकामं असतं, आणि त्या रिकामपणातच आवाज राहतो.

बाबांसाठी मी हंटर आणलं ते ह्यानंतर.

१८ डिसेंबर १९६१ला, सोमवारी, बाबा नऊ वर्षांचे होते आणि आजीबरोबर वायंगणाच्या मळ्यात होते. सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ. दक्षिणेकडून गडगडाट आला. एक, मग थांबून आणखी, मग सलग. आमच्यापासून तेरेखोलची खाडी हाकेच्या अंतरावर आणि पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य, पण मळ्यात कोणाच्या मनात लढाई नव्हती. एक जण म्हणाला, "रेडीच्या खाणीत सुरुंग लायले आसतले." आजीने आभाळाकडे बघितलं, मग बांधावरच्या कलमाकडे. आंब्याला नुकता मोहर येत होता. "पाऊस पडलो तर मोहर जातलो," ती म्हणाली. गोवा मुक्तीच्या लढाईचा आमच्या घरात नोंदलेला पहिला प्रतिसाद हा.

तो आवाज दाबोळीचा होता. १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले होते. विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून त्या तशाच राहिल्या, आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानंही. पोर्तुगीजांनी रात्रीतून धावपट्टीचे खड्डे कसेबसे बुजवले आणि अंधारात ती दोन्ही विमानं कराचीला निसटली. सकाळी हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. बाबा सांगतात ते एवढंच की त्यांनी दोन दिवस मान वर करून ठेवली आणि एकही विमान त्यांना दिसलं नाही. मानेला मात्र कळ लागली.

हंटरचं खोकं मी त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, विमान उलटं करून पोट बघितलं, पंखे शोधले, नाहीत म्हटल्यावर पुन्हा सुलटं केलं. हात खाली गेला, जसा माझा गेला होता.

"जड आसा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हेचो आवाज खय आसा?"

मी सांगायला लागलो. हे हंटर, सिडनी कॅमचं, आपल्याकडे १९५७पासून आलं, त्या दिवशी बांबोळीला हेच होतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्यांनी ऐकलं ते हेच का? मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, नाही, तुम्ही ऐकलं ते बहुधा कॅनबेराच्या बॉम्बचं. कॅनबेरा बॉम्बफेकी विमान, ह्या प्रमाणात त्याचे पंख २७ सेंटीमीटर होतात, कपाटात मावणार नाही. आणि मी लढाऊ विमानंच जमवतो.

"तर मगे ह्यां कित्याक हाडलंस?"

ह्याला उत्तर नव्हतं. मी हंटर परत खोक्यात ठेवायला हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही.

ह्या आगोटीला मी ३० विमानं गुंडाळली. हंटर न्यायला ओटीवर गेलो तर ते बाबांच्या रेडिओशेजारी फळीवर होतं. मी त्यांना समजावलं की झड येते, खारं वारं आहे, पुढचा पाय आधीच पांढरा पडायला लागलाय, एका पावसात टायर चिकटतील. "ऱ्हवांदे हयच," ते म्हणाले. मी दर रविवारी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन त्या पायाला लावतो. भुकटी शनिवारपर्यंत पुन्हा येते.

परवा दुपारी पाऊस उघडला होता. समुद्राच्या बाजूने, ढगांच्या वरून, नौदलाची विमानं सरावाला गेली असावीत. ओटीवरची तसबीर थरथरली. मी धावत अंगणात आलो, नेहमीप्रमाणे उशिरा, वर नुसता करडा ढग. आत वळून बघितलं तर बाबांनी पेपरमधून डोकं काढलेलं नव्हतं. आवाज पुरता विरल्यावर त्यांनी फळीवर हात नेला, हंटर उचललं आणि त्याचं नाक दक्षिणेकडे करून ठेवलं.